खरीप कर्जाचा अर्ज करण्याआधी स्वतःचा सिबिल अहवाल तपासा

मे महिना उजाडला की बियाणे-खतांची जुळवाजुळव आणि पीककर्जाची धावपळ एकदमच सुरू होते. अशा वेळी बँकेत "तुमचा सिबिल खराब आहे" असे ऐकावे लागले, तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. पेरणी कुणासाठी थांबत नाही. मग उधारीवर निविष्ठा घ्याव्या लागतात किंवा सावकाराची पायरी चढावी लागते. हे टाळायचे असेल तर आपला अहवाल फेब्रुवारी-मार्चमध्येच पाहून ठेवावा.

पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे राज्य शासनाने बँकांना वेळोवेळी सांगितले आहे. तरीही अर्जदाराची अन्यत्र थकबाकी आहे का, हे पाहण्यासाठी शाखा अहवाल काढतात. ट्रॅक्टर, ठिबक, शेततळे किंवा गोठ्यासाठीच्या मुदत कर्जात तर तो पाहिलाच जातो.

'सिबिल' म्हणजे नेमके काय?

सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बँका, फायनान्स कंपन्या आणि मायक्रोफायनान्स संस्था आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना पाठवतात. त्या माहितीवरून अहवाल तयार होतो आणि अहवालावरून ३०० ते ९०० दरम्यानचा स्कोअर निघतो. प्रत्येक कंपनीची मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने चौघींचे आकडे थोडे वेगळे येतात.

साधारण ७५० च्या पुढचा स्कोअर चांगला मानतात, पण प्रत्येक बँकेचा निकष वेगळा असतो. कधीच कर्ज घेतले नसेल तर स्कोअरच्या जागी 'एनएच' किंवा उणे १ दिसते. याचा अर्थ पत खराब आहे असा नाही. नोंदच नाही, एवढाच.

अहवाल मोफत कसा मिळवावा?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा स्कोअरसह संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. म्हणजे वर्षभरात चार मोफत अहवाल मिळू शकतात.

- कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत वार्षिक अहवालाचा पर्याय निवडा. सशुल्क योजना घेण्याची गरज नाही.
- पॅन क्रमांक, जन्मतारीख आणि बँकेत नोंदवलेला मोबाईल क्रमांक जवळ ठेवा.
- ओटीपी स्वतःच भरा, कुणालाही सांगू नका.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. मात्र थोड्या दिवसांत चार-पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज केले, तर प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि स्कोअरवर परिणाम होऊ शकतो.

अहवालात काय पाहावे?

स्कोअरपेक्षा खालच्या नोंदी महत्त्वाच्या. त्या एकेक करून वाचा.

- नाव आणि ओळख: गावात एकाच नावाची दोन-तीन माणसे असतात. पॅन, जन्मतारीख व पत्ता जुळतो का पाहा. महिलांनी माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे तपासावीत.
- न घेतलेले कर्ज: दुसऱ्याचे कर्ज तुमच्या नावावर दिसत असेल तर लगेच तक्रार करा.
- फिटलेले कर्ज: दुचाकी किंवा मोबाईलच्या हप्त्यांचे कर्ज फेडूनही खाते चालू दिसू शकते. शेवटच्या हप्त्यावरील किरकोळ दंड राहिला, तरी तो थकबाकी म्हणून दिसतो.
- जामीनकी: तुम्ही जामीन राहिलेले कर्जही अहवालात येते. मूळ कर्जदाराने थकवले की त्याची झळ तुम्हालाही बसते.
- थकलेले दिवस: मागील ३६ महिन्यांपर्यंतचा तपशील असतो. '०००' म्हणजे विलंब नाही.

'सेटल्ड' आणि 'रिटन ऑफ' यांचा अर्थ

एकरकमी तडजोडीत बँकेने काही रक्कम सोडली, तर खाते 'सेटल्ड' दिसते. कर्ज संपते, पण पूर्ण फेडले नाही अशी खूण राहते. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने कर्ज ताळेबंदातून काढले. ते माफ झाले असा त्याचा अर्थ नाही, वसुली सुरू राहू शकते.

२०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीचा लाभ मिळाला असेल, तर त्या खात्यावर आजही बाकी दिसते का हे आवर्जून पाहा. दिसत असल्यास बँकेकडून कर्ज निरंक असल्याचा दाखला घ्या. विकास सोसायटीचे कर्ज अहवालात दिसेलच असे नाही, म्हणून सोसायटीचा बेबाकी दाखलाही जपून ठेवा.

चूक आढळल्यास काय करावे?

१. ज्या कंपनीच्या अहवालात चूक आहे, तिच्याकडे ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
२. कर्ज देणाऱ्या बँकेलाही लेखी अर्ज द्या. सोबत पावती किंवा दाखल्याची प्रत जोडा आणि पोच घ्या.
३. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.
४. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

या ३० दिवसांमुळेच फेब्रुवारी-मार्चमध्ये तपासणी करणे सोयीचे ठरते.

स्कोअर खरोखर कमी असेल तर?

"पैसे द्या, सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. आधी छोटी थकबाकी पूर्ण भरा आणि 'सेटल्ड' ऐवजी 'क्लोज्ड' अशी नोंद मागून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे भरल्यानंतर महिन्याभराने अहवाल पुन्हा पाहा. पीककर्ज मुदतीत भरून नवं-जुनं करून घ्या. त्याने व्याज सवलतही मिळते आणि पुढच्या हंगामासाठी तुमची पतही टिकते.