घाटातला धूर आणि नॅनोकण

पावसाळ्यात लोणावळ्याला जाताना बोरघाटात धुके आणि मालमोटारींचा धूर एकमेकांत मिसळलेले दिसतात. दोन्ही हवेत तरंगणारे कणच. मग धुक्यात आपण हौसेने फिरतो आणि धूर आला की नाकाला रुमाल का लावतो?

धूर विषारी असतो, हे उत्तर बरोबर आहे. पण अपुरे आहे. कणाचा आकारही पाहिला पाहिजे. मीटरचा एक अब्जांश भाग म्हणजे 1 नॅनोमीटर. धुक्याचा थेंब सुमारे 10,000 नॅनोमीटरचा असतो. डिझेलच्या धुरातील बहुसंख्य कण मात्र 100 नॅनोमीटरहून लहान असतात. मोठे कण नाकातील केसांत व चिकट स्रावात अडकतात. हे बारीक कण थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात; काही रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला.

आता थोडे गणित करू. 1 सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. त्याचे 100 नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ 60 चौरस मीटर होते, म्हणजे एका मोठ्या वर्गखोलीएवढे! 10 नॅनोमीटरचे केले, तर 600 चौरस मीटर. वस्तुमान मात्र तेवढेच. घन पदार्थाची रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते, म्हणून कण बारीक झाला की पदार्थाचे वागणे बदलते. घरी करून पाहा: गुळाचा खडा आणि तेवढाच किसलेला गूळ पाण्यात टाका. आधी काय विरघळते?

काजळी आपल्या हातून नकळत तयार होते. नॅनोपदार्थ मात्र आपण मुद्दाम बनवतो. चांदीचे नॅनोकण जंतू मारतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जखमांवर लावण्याच्या अशा मलमावर संशोधन झाले आहे. हा झाला उपयोग. पण असे कण लावलेले मोजे धुतले, की थोडी चांदी पाण्यात सुटते. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीत असे सांडपाणी गेले, तर उपद्रवी जंतू कोणते आणि पाणी शुद्ध करणारे कोणते, हे चांदीला कसे कळणार? सांडपाण्यातील गंधकाशी संयोग होऊन बरीचशी चांदी निरुपद्रवी होते, हेही खरे. म्हणून घाबरायचे नाही, तपासायचे.

आकाराप्रमाणे घडणही महत्त्वाची. कार्बनच्या लांब, ताठ नॅनोनळ्या उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह निर्माण करतात, असे 2008 साली आढळले. पेन्सिलीतला कार्बन मात्र आपण रोज हाताळतो!

तेव्हा मोठ्या स्वरूपात निर्धोक असलेला पदार्थ नॅनो स्वरूपातही निर्धोक असेल, असे गृहीत धरता येत नाही. त्याची परीक्षा नव्याने घ्यावी लागते. शेतीतील व खाद्यपदार्थांतील नॅनो-उत्पादनांच्या तपासणीसाठी भारत सरकारने 2020 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. 2021 साली नॅनो युरिया बाजारात आला. मावळातल्या भातखाचरात कोणी तो फवारताना दिसले, तर तोंडाला फडके आणि वाऱ्याकडे पाठ आहे ना, ते पाहा. आणि कोणतीही ‘नॅनो’ वस्तू हाती आली, की चार प्रश्न विचारा: पदार्थ कोणता? कण केवढा? तो सुटा आहे की पक्का बसवलेला? आणि वापरानंतर जातो कुठे?