दुसऱ्या राज्यातील जुनी मोटार

दिल्लीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई आणि पुणे या शहरांच्या वाटेने कोल्हापूरला येतो आणि तेथून बेळगाव, बंगळूर करीत चेन्नईला जातो. दिल्लीत घेतलेली जुनी मोटार कोल्हापूरच्या गृहस्थाला घरी आणावयाची असेल, तर वाटेत दोन मुक्काम केले की काम झाले. परंतु मोटार दारात उभी राहिली म्हणजे ती आपली झाली असे कायदा मानीत नाही. मोटार महामार्गाने येते; तिचे कागद दुसऱ्याच वाटेने आणि पुष्कळ सावकाश येतात; पैसे तर या दोहोंच्याही आधी विक्रेत्याकडे पोहोचलेले असतात. दूरच्या विक्रेत्याशी होणाऱ्या व्यवहारातील बहुतेक धोके या तिन्हींच्या येण्याजाण्यात जे अंतर पडते त्यातूनच निर्माण होतात.

आपल्या गावात जुन्या मोटारी मिळत असताना माणसे इतक्या दूर का जातात? कारण मुख्यतः किमतीचे असते आणि दिल्लीच्या बाबतीत त्याला न्यायालयीन इतिहास आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरील मोटारींना आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल मोटारींना राजधानीच्या रस्त्यांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१८ मध्ये या मर्यादा उचलून धरल्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मोटारींच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही सवलत 'भारत स्टेज चार' व त्यापुढील प्रदूषणमानकांच्या मोटारींपुरती मर्यादित केली. या सर्व काळात दिल्लीतील आठ-नऊ वर्षांची डिझेल मोटार तिच्या मालकाला ओझे वाटू लागली. आणि जेथे पंधरा वर्षांची नोंदणी पुरती वापरता येते त्या राज्यातील ग्राहकाला तीच मोटार सवंग वाटू लागली. मोटार एकच, तिचे उरलेले आयुष्य मात्र दोन ठिकाणी वेगळे. असा सौदा मुळात अप्रामाणिक नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तथापि सवंगपणाचे कारण नेहमीच इतके निर्दोष असते असे नाही. जुन्या मोटारींच्या बाजारात किमती एरवीही का घसरतात याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी दिले आहे. वारंवार बिघडणाऱ्या मोटारीला अमेरिकन बोलीत 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. त्यावरून नाव दिलेला त्यांचा निबंध १९६७ च्या जूनमध्ये तयार झाला, आणि त्यानंतरचे वर्ष ते भारतात होते; नियतकालिकाचे पहिले नकारपत्रही त्यांना येथेच मिळाले. आणखी दोन नकार पचवून तो अखेर १९७० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २००१ साली ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा विचार साधा आहे. मोटारीत काय दडले आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या मोटारीलाही मध्यम प्रतीचाच भाव देतो. तो भाव न परवडल्यामुळे चांगल्या मोटारीचा मालक ती बाजारात आणीतच नाही, आणि बाजारात वाईट मोटारींचे प्रमाण वाढत जाते.

अंतराने हे अज्ञान कित्येक पटींनी वाढते. गावातल्या गावात मोटार घेणाऱ्याला ती कोणाची होती, कोणत्या गॅरेजात जात असे, मागच्या पावसाळ्यात कोठे बंद पडली होती, हे विचारण्यास चार माणसे असतात. परगावच्या ग्राहकापाशी असतात ती छायाचित्रे. छायाचित्रात नवा रंग दिसतो, रंगाखालची पुटी दिसत नाही. म्हणून विक्रेत्याच्या गावातील एखाद्या मिस्त्रीला त्याची मजुरी देऊन मोटार दाखविणे हा खर्च वाचविण्याजोगा नव्हे. मिस्त्री अर्थात विक्रेत्याने सुचविलेला नसावा.

अनुभवी मिस्त्री काय पाहतो ते सांगण्यासारखे आहे. एंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावयाचे असा त्याचा आग्रह असतो, कारण आधीच तापविलेले एंजिन पुष्कळ दोष लपविते. मागून निळसर धूर आला तर तेल जळत आहे हे तो ओळखतो. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक तो दारांवरून आणि चाकांवरच्या पत्र्यावरून फिरवितो. चुंबक पोलादी पत्र्याला चिकटते, जाड पुटीला चिकटत नाही. खिडक्यांच्या काचांवर उत्पादनवर्षाची खूण असते, आणि पाचांपैकी एकाच काचेचे वर्ष निराळे निघाले तर ती का बदलली असे तो विचारतो. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '३५१९' असे असेल तर टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातील होय. किलोमीटरचा आकडा फिरविणे विजेवर चालणाऱ्या मापकांतही अशक्य राहिलेले नाही. त्यामुळे त्या आकड्यापेक्षा क्लचच्या पायट्याचे झिजलेले रबर, सुकाणूचक्राची गुळगुळीत झालेली कड आणि दुरुस्तीची जुनी बिले यांवर त्याचा अधिक विश्वास असतो. आकडा तीस हजार सांगत असेल आणि पायटा झिजून लोखंड दिसू लागले असेल, तर दोहोंपैकी पायटा खोटे बोलत नाही.

पुरात सापडलेल्या मोटारींचा प्रश्न याहून अवघड आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पाण्याखाली गेली. अशा वेळी बुडालेल्या मोटारी धुऊनपुसून, नवी आसने घालून दूरच्या गावी विकल्या जातात, कारण दूरच्या ग्राहकाला त्या पावसाची आठवण नसते. आपल्या नोंदणीपुस्तिकेत पुराचा उल्लेख नसतो. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला तर मात्र त्याच्या टोकाशी वाळलेला चिखल सापडतो. आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि गालिच्याखालचा कुबट वासही बोलका असतो. समुद्रकाठच्या मोटारीला खाऱ्या हवेने लागलेला गंज बहुधा खालच्या अंगाला असतो, तेव्हा ती उंच उचलूनच पाहावी.

विक्रेताच मुळात नसणे, हा या फसवणुकीचा अगदी टोकाचा प्रकार. गेल्या काही वर्षांत तो इतका सार्वत्रिक झाला आहे की ठिकठिकाणच्या पोलिसांना त्याविषयी लोकांना सावध करावे लागले. मोटार बाजारभावाहून पुष्कळ स्वस्त असते. विक्रेता आपण लष्करात असून बदली झाल्यामुळे घाईने विकीत आहोत असे सांगतो आणि ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवितो. मग आधी थोडे विसारादाखल, नंतर वाहतुकीसाठी, नंतर छावणीच्या फाटकावरील परवान्यासाठी असे पैसे मागितले जातात. गणवेशाविषयी लोकांच्या मनात असलेल्या आदराचा हा निर्लज्ज वापर होय. मोटार आणि नोंदणीपुस्तिकेतील मालक ही दोन्ही समोर पाहिल्यावाचून विसारही देऊ नये, हा नियम पाळणाऱ्याला या प्रकारापासून भय नाही.

समजा, मोटार चांगली निघाली आणि विक्रेताही खरा आहे. यापुढे गाठ कायद्याशी पडते, आणि येथे दोन कायद्यांची दृष्टी वेगळी आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे मोटार ही टेबल-खुर्चीसारखीच एक जंगम वस्तू आहे. सौदा ठरला, माल हाती आला, की मालकी बदलली. मालाचा दर्जा पारखणे सामान्यतः घेणाऱ्याचे काम, आणि विकणाऱ्यापाशी नसलेला हक्क घेणाऱ्यालाही मिळत नाही, असेही तो कायदा सांगतो. म्हणजे मोटार चोरीची निघाली तर प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असूनही ती जाते. याउलट १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालक याचा अर्थ ज्याच्या नावे नोंदणी आहे तो, असा आहे.

या दुसऱ्या व्याख्येचा परिणाम किती कठोर होऊ शकतो हे ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालावरून दिसते. त्या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे अशी जात राहिली, पण नोंदणी कोणीच बदलली नाही. २००९ मध्ये तिच्याखाली सापडून एकाचा मृत्यू झाला. नुकसानभरपाई कोणी द्यावयाची, या प्रश्नावर न्यायालयाने नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याला जबाबदार धरले. अपघातग्रस्तांनी मोटार कोणाकोणाकडे फिरली याचा माग काढीत बसावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. दोन वर्षांपूर्वी मोटार विकून ती विसरलेल्या माणसावर हे दायित्व आले. दूरच्या व्यवहारात फसतो तो घेणाराच, या समजुतीला हा निकाल छेद देतो.

आता कागदांची वाट पाहू. मोटारीवर कर्ज असेल तर नोंदणीपुस्तिकेत बँकेचा बोजा असतो. तो उतरविण्यासाठी बँकेचे पत्र आणि पस्तीस क्रमांकाचा नमुना लागतो. त्यानंतर विक्रेत्याने आपल्या नोंदणी कार्यालयाकडे अठ्ठावीस क्रमांकाच्या नमुन्यात ना-हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज करावयाचा. त्यासोबत सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा पेन्सिलने घासून उमटविलेला ठसा जोडतात. कर थकलेला नाही आणि मोटार चोरीची नाही, याची खात्री झाल्यावर हे प्रमाणपत्र मिळते. त्यावर मोटार कोणत्या कार्यालयाकडे जाणार त्याचे नाव असते, म्हणून कोल्हापूरसाठी काढलेले प्रमाणपत्र सोलापुरात उपयोगी पडत नाही. हस्तांतरणाची सूचना एकोणतीस आणि अर्ज तीस क्रमांकाच्या नमुन्यात. मोटार एकाच राज्यात राहणार असेल तर विक्रेत्याने चौदा दिवसांत, दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर पंचेचाळीस दिवसांत, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावे, असा पन्नासाव्या कलमाचा दंडक आहे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन मोटार हातोहात फिरविण्याची दलालांची जुनी पद्धत होती. तिला आळा घालण्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी मोटार अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गेल्याची नोंदच करावयास लावली आहे.

कराचा हिशेब मात्र ग्राहक बहुधा विसरतो. वाहनांवरील कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचा विषय आहे. दिल्लीत एकरकमी भरलेला कर दिल्लीचा; महाराष्ट्रात मोटार आणली की येथील कर मोटारीचे वय पाहून पुन्हा भरावा लागतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या मोटारीला नवा नोंदणी क्रमांक घेतलाच पाहिजे, असे सत्तेचाळिसावे कलम सांगते. ही रक्कम, वाहतुकीचा खर्च आणि दोन गावच्या कार्यालयांतील हेलपाटे धरले म्हणजे दिल्लीचा सवंगपणा पुष्कळदा निम्मा होतो, कधी अजिबात उरत नाही. सौदा ठरविण्यापूर्वीच आपल्या कार्यालयात कराचा आकडा विचारून घेणे इष्ट.

विम्याची गोष्टही अशीच फसवी आहे. मोटार विकली गेली की तिसऱ्या पक्षाविषयीचे विमासंरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप जाते; परंतु मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. म्हणून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा. तोपर्यंत उदयपूरच्या घाटात मोटार कठड्यावर आदळली, तर दुरुस्ती घेणाऱ्याच्या खिशातून होते. जकातनाक्यांसारखे पथकर नाकेही या काळात एक गंमत करतात. काचेवरचा फास्टॅग जुन्याच मालकाच्या खात्याशी जोडलेला असतो, आणि घेणारा दक्षिणेकडे येत असताना प्रत्येक नाक्यावरचे पैसे दिल्लीतील विक्रेत्याच्या खात्यातून वजा होत राहतात. जुना फास्टॅग बंद करून नवा घेणे हे निघण्यापूर्वीचेच काम.

कोल्हापूरच्या कार्यालयात निरीक्षक सांगाड्याचा आणि एंजिनाचा क्रमांक कागदांशी ताडून पाहतो, कर भरून घेतला जातो, आणि यथावकाश 'डीएल'ने सुरू होणारी पाटी जाऊन 'एमएच ०९'ची पाटी लागते. या नव्या नोंदणीची प्रत जोडून दिल्लीतील उरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो. तो लवकर निकालात निघेल अशी आशा फारसे कोणी करीत नाही. दिल्लीतील विक्रेत्यालाही त्या प्रतीची वाट पाहावी लागते. आपले नाव नोंदणीतून उतरले हे त्याला तीवरूनच कळते, आणि तोवर चौदाशेहून अधिक किलोमीटरवर धावणारी ती मोटार कायद्याच्या दृष्टीने त्याचीच असते.