शोभिवंत कोळंबीसाठी काचपेटीची सिद्धता

मूळची पूर्व आशियातील, जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीची लाल ‘चेरी’ कोळंबी गोड्या पाण्यात सहज वाढते. मात्र घाईने नव्या पाण्यात सोडल्यास ती दगावते. म्हणून २० लिटरच्या काचपेटीत प्रथम धुतलेली वाळू, पाणवनस्पती व स्पंजाची गाळणी बसवावी. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवून मगच भरावे. पुढे ४ ते ६ आठवडे चिमूटभर खाद्य टाकत राहावे. या अवधीत वाढणारे उपयुक्त जिवाणू विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. तांबे कोळंबीस घातक असल्याने तांब्याच्या घागरीतील पाणी व मोरचूदयुक्त औषधे कटाक्षाने टाळावीत. ही जात परकी असल्याने ती विहिरीत वा ओढ्यात कदापि सोडू नये.