४०००७६ : पवईच्या पिनकोडाचं गणित

पवईतल्या आयआयटी परिसराचा पिनकोड ४०००७६. रोज लिहिल्या जाणाऱ्या या सहा अंकांबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : पिनकोड म्हणजे ओळीने टाकलेले क्रमांक.
वस्तुस्थिती : श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या विभागाचा. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी कुठे होणार ते कळतं आणि शेवटच्या तिनांतून टपाल कार्यालय.

गैरसमज : संख्या मोठी आणि सम, म्हणजे विभाजक भरपूर.
वस्तुस्थिती : ४०००७६ = २ × २ × १०००१९. यातली १०००१९ ही मूळ संख्या. त्यामुळे विभाजक सहाच : १, २, ४, १०००१९, २०००३८ आणि ४०००७६. मुलुंड पश्चिमेचा ४०००८० फक्त चारने मोठा, पण त्याचे विभाजक चाळीस!

गैरसमज : १०००१९ मूळ आहे हे ठरवायला संगणकच हवा.
वस्तुस्थिती : तिचं वर्गमूळ ३१६ हून किंचित जास्त. तिथपर्यंतच्या मूळ संख्या ६५. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही, एवढं दाखवलं की काम झालं. चिकाटी असेल तर वही-पेन पुरतं.

गैरसमज : अंकांची बेरीज १७, म्हणजे ८, हा आकडा जड.
वस्तुस्थिती : बेरजेतून आलेला ८ म्हणजे ४०००७६ ला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी. शुभ-अशुभाचा त्यात काही संबंध नाही.

गैरसमज : कापरेकरांच्या ६१७४ सारखा एकच स्थिरांक सहा अंकांतही असतो.
वस्तुस्थिती : देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची रीत अशी : अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येते. सहा अंकांत मात्र दोन स्थिर संख्या आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४; शिवाय सात संख्यांचं एक चक्रही आहे. आपला पिनकोड घ्या :

७६४००० − ०००४६७ = ७६३५३३
७६५३३३ − ३३३५६७ = ४३१७६६
७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

तिसऱ्याच वजाबाकीत स्थिर संख्या! शेजारच्या साकीनाक्याचा ४०००७२ मात्र आठव्या वजाबाकीत ४२०८७६ वर पोचतो आणि त्या चक्रातच फिरत राहतो.

टपाल खात्याने ४०००७६ हा आकडा दिला तो पत्त्यासाठी. हे गुणधर्म त्या संख्येचे स्वतःचे आहेत. तुमचा पिनकोड स्थिरावतो की चक्रात अडकतो, ते आता तुम्हीच वजाबाक्या करून पाहा.