टेम्पोचं पहिलं बिऱ्हाड

आकुर्डीची 'फोर्स मोटर्स' पुणेकरांना ठाऊक आहे. पण या कंपनीचं पहिलं बिऱ्हाड होतं मुंबईत, गोरेगावला. 1958 साली नवलमल फिरोदिया यांनी 'बजाज टेम्पो' या नावानं ती सुरू केली आणि गोरेगावात 'हॅन्सिएट' ही तीनचाकी मालगाडी तयार होऊ लागली.

फिरोदिया नगरचे, स्वातंत्र्य चळवळीतले. माणसानं माणसाला ओढावं हे त्यांना पटत नव्हतं. इटलीच्या पियाज्यो कंपनीची तीनचाकी मालगाडी पाहून त्यांना प्रवासी रिक्षा सुचली आणि बजाजांच्या 'बच्छराज ट्रेडिंग'च्या साथीनं ऑटोरिक्षा रस्त्यावर आली. माणसांची सोय झाली. मग पाळी आली मालाची.

त्यासाठी त्यांनी हात मिळवला जर्मनीच्या 'विडाल अँड सोन'शी. टेम्पो हे नाव त्यांचंच. ही कंपनी 1928 पासून तीनचाकी गाड्या बनवत होती. 200 सीसीपर्यंतच्या गाडीला तिथे चालक परवाना लागत नसे, त्यामुळे छोट्या दुकानदारांनी त्या उचलून धरल्या. हॅन्सिएट आली 1949 मध्ये. पुढे लोकांच्या हाती पैसा खेळू लागला, चार चाकं परवडू लागली आणि 1956 मध्ये तिथे ती बंद झाली. आपल्याकडे मात्र हातगाडी आणि ट्रक यांच्या मधली जागा रिकामीच होती.

ती जागा भरणारं यंत्र साधं होतं. पुढे एकच चाक, इंजिनही पुढेच आणि त्याचा जोर साखळीनं त्याच चाकाला. त्यामुळे मागे ना प्रोपेलर शाफ्ट, ना डिफरन्शियल. अख्खा हौदा मालाला मोकळा. इंजिन 400 सीसीचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. व्हॉल्व्हची भानगड नसल्यानं गल्लीतला मेकॅनिकही ते खोलून बसवू शके. धूर आणि फटफटाट भरपूर. भरल्या गाडीनं वळण घेताना मात्र वेग आवरावा लागे.

1964 मध्ये कारखाना आकुर्डीला गेला. त्याच सुमारास चारचाकी 'वायकिंग' आली, मागोमाग 'मॅटाडोर'. पुढे बजाज आणि फिरोदिया वेगळे झाले. 2005 मध्ये कंपनीचं नावही बदललं. जर्मनीत सात वर्षांत संपलेली हॅन्सिएट इथे मात्र कित्येक दशकं राबली.

गोरेगावची ओळख आज फिल्मसिटी आणि आरेपुरती उरली आहे. त्या कारखान्यात घाम गाळलेल्यांच्या घरी जुनं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, एखादा फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका. उपनगराचा औद्योगिक इतिहास लिहायचा, तर तो अशाच कागदांवरून लिहावा लागेल.