निळ्या दिव्याखालचे बाळ

उत्तर दिल्लीत, विद्यापीठापासून जवळच, रिजच्या टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. नाव मराठी माणसाचे. कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. त्यांच्या कोठीच्या जागी आज महापालिकेचे मोठे रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांच्या नवजात कक्षात एक दृश्य नेहमी दिसते. डोळ्यांवर पट्टी बांधलेले, लंगोटाखेरीज उघडे असे तान्हे बाळ निळ्या दिव्याखाली निजलेले असते. काचेपलीकडे आजी काळजीत. बाळाला कावीळ, मग औषध नाही, नुसता दिवा?

हा दिवाच औषध आहे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवसांच्या शंभरांपैकी सुमारे साठ बाळांना कावीळ दिसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण ऐंशीच्या आसपास असते. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही. मोठ्यांचे यकृत त्याचा निचरा करते. बाळाचे यकृत अजून तयार झालेले नसते. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. पण प्रमाण फार वाढले तर बिलिरुबिन मेंदूत शिरते आणि बहिरेपण किंवा हालचालींचे कायमचे अपंगत्व येऊ शकते.

परिचारिकेची नजर

शोध लागला तो १९५६ साली, इंग्लंडमधील रॉशफर्डच्या रुग्णालयात. तेथील सिस्टर जीन वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाचे अंग फिके झालेले, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला भाग पिवळाच राहिलेला त्यांना दिसला. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन घटल्याचे आढळले. डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ही उपचारपद्धती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

दिवा नेमके काय करतो? बिलिरुबिनचा रेणू घडी घातल्यासारखा असतो. पाण्याशी जुळणारे त्याचे भाग आत दडलेले असतात. निळा प्रकाश शोषला की रेणूला पीळ बसतो आणि घडी उलगडते. आता तो पाण्यात मिसळतो आणि पित्तावाटे, लघवीवाटे बाहेर पडतो. काम उष्णतेचे नाही, रंगाचे आहे. म्हणूनच साधा बल्ब चालत नाही.

प्रकाश आणि रेणू यांची ही भेट क्षणाची. ती लांबवता येईल का, यावरही संशोधन चालू आहे. दोन आरशांमधील अतिसूक्ष्म फटीत प्रकाश कोंडला, तर तो आणि रेणू यांच्यात ऊर्जेची देवाणघेवाण इतकी जलद होते की दोघांची मिळून एक नवीच अवस्था बनते. तिला ‘पोलॅरिटॉन’ म्हणतात. अशा फटीत रेणूचा आकार बदलण्याचा वेग मंदावतो, असे फ्रान्समधील थॉमस एबसन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले. हे सारे अजून प्रयोगशाळेतच आहे. बाळाचा निळा दिवा मात्र घरोघरच्या कामाचा.

घरी काय पाहावे?

दिल्लीच्या थंडीत काय किंवा कोल्हापुरात काय, बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची रीत जुनी आहे. पण उन्हात निळ्याबरोबर अतिनील किरणेही असतात, त्याची मात्रा मोजता येत नाही, आणि उघड्या अंगाला थंडी किंवा चटका बसू शकतो. दिव्याचे अंतर, तीव्रता आणि वेळ ठरवलेली असते. मध्येमध्ये रक्त तपासले जाते. म्हणून ऊन हा उपचाराला पर्याय नाही.

पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायांपर्यंत पोचला, बाळ मलूल झाले, दूध ओढेनासे झाले किंवा शी पांढरट होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अंगावरचे दूध बंद करू नये. भरपूर पाजल्याने निचऱ्याला मदतच होते. दिव्याखाली असताना डोळ्यांची पट्टी आपल्या मनाने काढू नये आणि दया येऊन बाळाला दुपट्यात गुंडाळूही नये. जेवढे अंग उघडे, तेवढे प्रकाशाचे काम अधिक.