वाकड्या वाटेचा प्रकाश

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे शाळकरी मुलासही पाठ असते. डेहराडून येथील एका विद्यार्थ्यास मात्र ते शिक्षकांच्या तोंडून ऐकूनही पटले नाही. तो विद्यार्थी म्हणजे नरिंदरसिंग कपानी. जन्म १९२६, पंजाबातील मोगा येथे.

पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन केले. काचेच्या तंतूत शिरलेला किरण आतील पृष्ठभागावर तिरकस आदळतो, परावर्तित होतो आणि असाच आदळत दुसऱ्या टोकाशी पोचतो. किरण सरळच जातो. वाट तेवढी वाकडी! हे तत्त्व जुनेच. खरी अडचण चित्र पलीकडे नेण्याची. त्यासाठी हजारो तंतूंची जुडी बांधून प्रत्येकाचे स्थान दोन्ही टोकांस तेच राखावे लागते. एरवी चित्राचा चुरा होतो. हजारो तंतूंच्या, ७५ सेंटिमीटर लांबीच्या जुडीतून हे साधल्याचे वृत्त दोघांनी जानेवारी १९५४ च्या 'नेचर'मध्ये दिले. त्याच अंकात हॉलंडच्या व्हान हील यांचेही टिपण होते, हे सांगणे न्यायाचे. जठरात डोकावणारी लवचिक नळी याच विद्येचे फळ होय.

२००९ चे नोबेल पारितोषिक चार्ल्स काओ यांना मिळाले, तेव्हा कपानींना डावलल्याची हळहळ भारतात व्यक्त झाली. ती स्वाभाविक असली तरी काओंचे कार्य निराळे होते. काचेतील अशुद्धी काढल्यास प्रकाशाकरवी दूरवर संदेश धाडता येतील, हे त्यांनी १९६६ मध्ये दाखविले. कपानी २०२० मध्ये निवर्तले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२१ मध्ये जाहीर झाले.